नव्या तांदळाची भाकरी

आमच्या घरात हिवाळा खोबरेल तेलाच्या बाटलीवरून ठरायचा. न्हाणीच्या खिडकीत ती बाटली असे. दिवाळी उलटली की रोज सकाळी दात घासता घासता बाबा ती उलटी करून बघायचे, आणि ज्या दिवशी आतलं तेल जागचं हललं नाही त्या दिवशी तोंडात फेस तसाच ठेवून ओरडायचे, "गोठलं गं! आली थंडी!" मग येणाऱ्या रविवारी आमचा सण. हा सण कुठल्या कॅलेंडरात नव्हता, कुठल्या देवाचा नव्हता, बाबांनी स्वतःच काढलेला होता, आणि त्याला आम्ही नुसतं 'थंडी' म्हणायचो. शाळेत मी मैत्रिणींना विचारायचे, "तुमच्याकडे थंडी कधी?" तर त्या माझ्याकडे बघत राहायच्या, हिला ताप आलाय का म्हणून.

बाबा तलासरीजवळच्या एका गावात मास्तर होते. त्यांचे वडील लाल बावट्याच्या मोर्चांतून हिंडलेले, त्यामुळे आमच्या घरात देव नव्हताच, पण आजोबांना नव्हता तो गप्प बसून आणि बाबांना नव्हता तो भांडून. भगत, उतारा, कोंबडा, नवस, कशावरही त्यांना दोन तास बोलता येई, आणि समोरचा उठून जाईपर्यंत ते बोलत. खाण्याशी मात्र त्यांचं अजिबात वैर नव्हतं. "शिरा हा शिरा असतो, तो देवापुढून आला काय आणि चुलीवरून आला काय," म्हणत ते कुणाच्याही सत्यनारायणाचा प्रसाद दोनदा मागून घ्यायचे. दिवाळीला आमच्याकडे आकाशकंदील लागे, चकल्या होत, लक्ष्मीपूजन नसे. नाताळात डहाणूहून बाबांचे एक मित्र केक पाठवायचे, तो आम्ही खायचो आणि दारात कागदी चांदणीही टांगायचो. संक्रांतीला पतंग, तिळाचे लाडू, आणि लाडवाबरोबर तीळ अंगात उष्णता कशी देतात ह्यावर बाबांचं भाषण. हळदीकुंकू नाही. थोडक्यात, खाणं सगळ्या सणांचं होतं, फक्त सण कुठलाच नव्हता. हे मी आज थट्टेने लिहितेय, पण तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान होता! बाकीच्या मुली उपास धरायच्या तेव्हा मी त्यांच्यासमोर मुद्दाम वडापाव खायचे, इतकी मी आगाऊ होते.

'थंडी'च्या दिवशी उंबाडियू व्हायचं. अच्छाडच्या नाक्यापलीकडे हायवेला हिवाळ्यात त्याच्या टपऱ्या लागतात, गुजरातकडची गाडी तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. वालपापडी, रताळी, कंद, बटाटे, हिरव्या मिरचीचं वाटण, सगळं मातीच्या मडक्यात रानपाल्यात दाबून भरायचं, मडकं उलटं घालायचं आणि भोवती पालापाचोळा, गोवऱ्या पेटवायच्या. बाबांनी तिथल्या एका बाईशी गुजरातीत गप्पा मारून मारून ती कला शिकून घेतली होती. अंगणात धूर, बाबांच्या डोळ्यांना पाणी, मध्येच "कुणी उघडू नका हं, कुणी उघडू नका," आणि उघडल्यावर आधी जो वास यायचा तो मी शब्दात सांगूच शकत नाही. आईचं काम भाकऱ्यांचं. तांदळाच्या भाकऱ्या, उकड काढून केलेल्या, हातावर थापलेल्या. शेजारची दोनचार घरं यायची, बाबांच्या शाळेतले एकदोघे यायचे, आणि कैनाडहून न चुकता माझा मामा यायचा.

आई कैनाडची. तिचं माहेर शेतीचं, पाड्यावरचं, देवाधर्माचं. लग्न ठरताना बाबांनी साफ सांगितलं होतं, माझ्या घरात देव येणार नाही, पण तुझ्या माहेरी तू हवं ते कर, मी अडवणार नाही. आईने ते मान्य केलं आणि दोघांनीही पाळलं. आमच्या घरी आई कधी हात जोडताना दिसली नाही. पण कैनाडला पाऊल ठेवलं की तिची भाषा बदलायची, चालणं बदलायचं, आवाज चढायचा, ती मामाला "ए शांत्या" म्हणून हाक मारायची आणि मला ती माझी आई वाटायचीच नाही. शांतूमामा तिच्यापेक्षा धाकटा. बारीक, काळा, कमी बोलणारा, आणि बाबांवर त्याचा भारी जीव. "दाजी बोलतात ते खरं असल, पण आपल्याला नाय जमायचं," एवढंच त्याचं उत्तर. बाबा चिडायचे, "खरं आहे तर जमवायला काय होतं?" मामा हसायचा आणि पानाला चुना लावायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

मामाच्या पाड्यावर एक रीत होती. भात कापून, झोडून घरात आला तरी तो कुणी खायचा नाही. पाड्याबाहेर झाडाखाली त्यांचा देव आहे, शेंदूर लावलेलं लाकूड. तिथे नव्या तांदळाचा पहिला भात नेऊन ठेवायचा, घरोघर तसं सांगायचं, मग पाड्याने खायचं. दिवस दरवर्षी वेगळा, जाणती माणसं बसून ठरवायची. आणि तो भात नेण्याचा मान एका घराचा नसे, तो घरोघर फिरत असे. एकदा एखाद्या घराची पाळी झाली की पुन्हा यायला एक आयुष्य जाई. मामाच्या घराची पाळी आली तेव्हा मी सातवीत का आठवीत होते. मामाने ते आम्हाला सांगितलं तेव्हा तो चक्क लाजला होता. आईने त्याच्यासाठी नवं धोतर आणून ठेवलं, बाबांनी त्यावर एक विनोद केला आणि आम्ही तिघेही हसलो, आईसुद्धा.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. तेल गोठलं आणि मामाकडचा दिवस अजून यायचा होता. बाबांच्या मनात काय आलं ते मी पुढे खूपदा ताडून पाहिलं. त्यांना मामाची फजिती करायची नव्हती, हे मी कुणासमोरही शपथेवर सांगेन. त्यांना वाटलं असणार, ह्याने एकदा खाल्लं आणि काही झालं नाही की ह्याची भीती आपोआप जाईल. मुलांना शाळेत ते प्रयोग करून दाखवायचे, मांजर आडवं गेल्यावर मुद्दाम त्या रस्त्याने न्यायचे, तसंच हे. त्यांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून नवा तांदूळ आणला, गिरणीवरून परस्पर दळून आणला आणि पीठ आईच्या हातात दिलं. आईने उकड काढली, मळायला घेतली आणि थांबली. मी तिथेच पापडी मोडत बसले होते. ती म्हणाली, "अहो, हे पीठ चिकट येतंय. नवं तर नाही ना?" बाबा म्हणाले, "छे गं. बारीक दळलंय म्हणून."

बाबा खोटं बोलत नसत. सहज गंमत म्हणूनसुद्धा नाही. एकदा मी शाळा बुडवली तर त्यांनी बाईंना चिठ्ठी लिहून दिली होती की मुलगी आजारी नव्हती, तिला कंटाळा आला होता. म्हणून आईने पुढे काही विचारलं नाही. तिने पाण्याचा हात लावला आणि भाकरी थापली.

मामा दुपारी आला. ऊन उतरताना मडकं उघडलं, सगळे गोल करून बसले. मामाने पहिली भाकरी मोडली आणि म्हणाला, "काय मऊ केलीस गं बाय!" दुसरी घेतली, ताकाबरोबर तिसरीही घेतली. बाबा त्याच्याकडे बघत होते आणि त्यांच्या ओठांवर हसू मावत नव्हतं, वाढदिवसाची भेट पाठीमागे लपवून धरलेल्या माणसासारखं. शेवटी त्यांना राहवलं नाही. "शांतू," ते म्हणाले, "कसं वाटतंय? पोटात दुखतंय? घेरी येतेय?" मामा म्हणाला, "नाय ओ दाजी, काय झालं?" "काही झालं नाही ना? तेच तर! अरे, नव्या तांदळाची भाकरी आहे ती!" आणि बाबा टाळी द्यायला हात पुढे करून हसले.

हात तसाच राहिला. मामाने हातातला तुकडा ताटात ठेवला. त्याने बाबांकडे बघितलंच नाही, त्याने आईकडे बघितलं. आई तव्यासमोर होती आणि तिचे दोन्ही हात पिठाने भरलेले होते. "मला कळलं होतं," ती म्हणाली, "हाताला कळलं होतं रे शांत्या. मी ह्यांना विचारलं." एवढंच बोलली आणि हात तसेच धरून बसली. शेजारचे लोक उगाच उठून पाणी प्यायला लागले. मामा उठला, हात धुतले, चूळ भरली, पुन्हा भरली, आणि गाडीला किक मारून निघून गेला. बाबा म्हणत होते, "अरे, पण झालं काय? शांतू! काही झालंय का तुला?" मला आठवतं, त्या वेळी मलाही काही झालं असं वाटलं नव्हतं. भाकरी चांगली होती.

मामाला गप्प बसता आलं असतं. तलासरीत जेवलेली भाकरी कैनाडला कोण बघायला येतंय? पण तो दुसऱ्याच दिवशी पाड्यावर सांगून मोकळा झाला. त्याला कुणी दंड केला नाही, वाळीत टाकलं नाही, कुणी रागाने बोललंही नाही म्हणे. फक्त पाळी पुढच्या घराला गेली. नवं धोतर आमच्याच कपाटात राहिलं. बाबांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा घाबरल्यासारखे दिसले. रविवारी ते एकटेच एसटीने कैनाडला गेले. संध्याकाळी परत आल्यावर आईने विचारलं, काय बोललात? बाबांनी सगळं सांगितलं: माफी मागितली, मग झाडाखालच्या लाकडाला तांदूळ नवा की जुना हे कळत नाही असं समजावलं, मग शिक्षणाचं महत्त्व. आई ऐकत राहिली. "तो काय म्हणाला?" "म्हणाला, या मास्तर, गाडीची वेळ झाली." मास्तर. दाजी नाही. बाबांना ते लागलं, पण का लागलं हे त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, देव जाणे. बघा, मी पण म्हणतेच देव जाणे.

त्यानंतर मामा आला नाही. आईने फोन केला की मामी बोलायची, सगळे बरे आहेत म्हणायची आणि ठेवून द्यायची. भाऊबीजेला आई दुपारपर्यंत पितळी ताम्हन घासून बसायची. देव नसला तरी भाऊबीज आमच्याकडे होती, ती बाबांना चालायची. ताम्हन परत वर जायचं. 'थंडी' बंद पडली. बाबा सकाळी बाटली बघत असतील, पण ओरडत नसत, आणि मडकं मागच्या दारी कोंबड्यांच्या पाण्याला गेलं. बाबांचं बोलणंही कमी झालं. कुणी भगताचा विषय काढला तर पूर्वी ज्या माणसाला आवरावं लागे तो आता "हं" म्हणून पेपर उघडायचा. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, आणि त्या वयात दोन्ही एकदम आलं की मी दार आपटायचे.

आणि आमच्या चुलीवर हिवाळ्यात भाताची दोन पातेली चढायला लागली. मोठ्यात बाबांचा आणि माझा नवा भात, लहानात आईचा जुना. त्यासाठी ती पावसाळ्यातच एक डबा जुना तांदूळ बाजूला काढून ठेवायची. पहिल्या वर्षी मला वाटलं तिला नवा बाधतो. दुसऱ्या वर्षी विचारलं तर म्हणाली, "जेव तू." बाबा जेवताना त्या लहान पातेल्याकडे कधी बघायचे नाहीत. माझी खात्रीच होती की त्यांना ते दिसलेलं नाही, पुरुषांना दिसत नाहीत अशा गोष्टींपैकी ती एक आहे. पुढे तीळ खाऊन, पतंग उडवून, थंडी सरून उन्हाळा लागायचा तरी आईचा जुना तांदूळ संपायचा नाही. डबा रिकामा होईपर्यंत आमचा तांदूळही जुना झालेला असे, मगच ती आमच्या पातेल्यातलं घ्यायची.

मग तो हिवाळा आला ज्यात जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडच्या माणसाला तो वेगळा सांगायला नको. आधी एक गडगडाट यायचा, भांडी वाजायची, मग भिंत. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कोपऱ्यापासून चीर गेली. सगळं गाव अंगणात झोपायला लागलं, कुणी साड्या बांधून, कुणी चटया लावून. देवीचा कोप झालाय असं लोक म्हणायला लागले, आणि मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते, आता हे सुरू होतील. बाबांनी फक्त आमची गादी ओढून अंगणाच्या मध्यावर आणली.

एका दुपारी मामाची मोटारसायकल दारात आली. मागे ताडपत्रीची गुंडाळी बांधलेली. इतक्या वर्षांनी आला आणि उतरल्या उतरल्या भिंतीची चीर बघायला गेला, जणू काल येऊन गेला होता. तिच्यात बोट घालून बघितलं. मग आईला म्हणाला, "आत झोपत नाय ना?" आई नुसती मान हलवत होती. बांबू रोवायला बाबा गेले. एका टोकाला ते, एका टोकाला मामा, मध्ये निळी ताडपत्री. दोरी ओढता ओढता बाबांनी विचारलं, "शांतू, तुझी पाळी... परत कधी?" मामा गाठ मारत होता. "माझ्या हयातीत नाय येत, मास्तर," तो म्हणाला. "पोराच्या वेळेला आली तर आली." त्याच्या आवाजात राग नव्हता. बाबा दोरी धरून तसेच उभे राहिले, आणि मामाला दोनदा सांगावं लागलं, सोडा आता, बसली गाठ.

आईने अंगणातच तीन दगडांवर स्वयंपाक केला होता. पातेली दोन, नेहमीसारखी. तिने मामापुढे थाळी ठेवली, डाव उचलला, आणि मामाने थाळीवर हात आडवा धरला. स्वतःच्या बहिणीच्या दारात माझा मामा असा हात धरून बसला होता आणि तो आईला काही विचारत नव्हता. तो बाबांना म्हणाला, "मास्तर, तुम्ही सांगा. नवा हाय का जुना?"

बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले. "मोठ्यात नवा आहे," ते म्हणाले. "लहानात जुना. लहान पातेलं हिचं आहे. ही नवा खात नाही."

"कवापासून?"

"त्या दिवसापासून."

म्हणजे बाबांनी रोज बघितलं होतं. दर हिवाळ्यात, दर जेवणाला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मामा आईकडे वळला आणि त्याचा आवाज चढला, "येडी का काय गं तू, बाय? आमचं तर मळणी झाली का होतंय! दरवर्साला होतंय! ह्या वर्साचं बी कवाच झालं. अख्खा पाडा नवा खातोय. तुला काय म्हायती नाय?"

"म्हायती हाय," आई म्हणाली. मामाशी बोलताना ती लगेच कैनाडची व्हायची.

"मग?"

"मला कोणी सांगाया आलं नाय."

मामाने थाळीवरचा हात काढला. आई डाव धरून थांबली होती. मग मामा उभा राहिला. पाड्यावर घरोघर जाऊन सांगतात तसं, मोठ्याने, शेजारच्या अंगणातल्या माणसांनी माना वळवाव्यात इतक्या मोठ्याने तो म्हणाला, "देवाचं झालं गं बाय! नवा खा!"

"बरं," आई म्हणाली, आणि तिने मोठ्या पातेल्यावरचं झाकण काढलं.